टीव्हीने जुळवलेला बँड ऐकायचा कसा? ‘द मंकीज’पर्यंत जाणारी एक वाट

सप्टेंबर १९६५मध्ये हॉलिवूडच्या व्यवसायपत्रांत एक जाहिरात झळकली. नव्या टीव्ही मालिकेसाठी चार ‘वेडी’ पोरं हवीत, वय १७ ते २१, गाता-वाजवता यावं, काम मात्र अभिनयाचं. ४३७ जण आले. बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांना एका धडपडणाऱ्या बँडची विनोदी मालिका काढायची होती. शेवटी जे चार निवडले गेले, त्यांतला फक्त एक जण, टेक्ससचा मायकल नेस्मिथ, ती जाहिरात वाचून आला होता. मँचेस्टरचा डेव्ही जोन्स ब्रॉडवे गाजवून मालिका काढणाऱ्या कंपनीच्या करारात आधीच होता. मिकी डोलेन्झ बालकलाकार म्हणून सर्कशीवरच्या मालिकेत झळकलेला. पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या कॅफेंमध्ये लोकसंगीत गायचा. त्याचं नाव स्टीफन स्टिल्स या गायक-गिटारवादकाने सुचवलं. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १२ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली आणि वर्षअखेरपर्यंत या चौघांची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली होती.

तेव्हापासून एक शिक्का त्यांच्यावर आहे : नकली बँड, वाद्यं दुसऱ्यांनी वाजवली. आपल्याला हा आरोप जरा गमतीचा वाटायला हवा. पडद्यावर एक चेहरा, गळा दुसऱ्याचा, चाल तिसऱ्याची, वाद्यमेळ जमवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, हे आपण चित्रपटसंगीतात पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने ऐकत आलो. मंकीज तर निदान स्वतः गात होते. माझ्या मते खरा प्रश्न ‘वाजवलं कोणी’ हा नाही, ‘ठरवलं कोणी’ हा आहे. आणि त्याचं उत्तर लेख वाचून मिळतं त्याहून जास्त ऐकून मिळतं. ते कसं ऐकायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी थोडी तयारी

साधे इअरफोन, रेकॉर्डिंग ऐकण्याचं कुठलंही अ‍ॅप आणि एक वही, एवढं पुरे. शोधताना नावाच्या इंग्रजी स्पेलिंगकडे लक्ष द्या. माकडांच्या स्पेलिंगपेक्षा ते वेगळं आहे. मोठी अडचण पुढे येते. ‘सर्वोत्तम गाणी’ छापाचे संग्रह ढिगाने आहेत, त्यांत क्रम उलटासुलटा असतो आणि मूळ गाण्यांशेजारी १९८६ची आणि त्यानंतरची ध्वनिमुद्रणं बसवलेली असतात. म्हणून संग्रह बाजूला ठेवा. मूळ अल्बम उघडा, साल तपासा, शफल बंद करा. अल्बम साधारण अर्ध्या तासाचे आहेत, एका बैठकीत एक सहज होतो.

साठच्या दशकातल्या स्टीरिओ मिश्रणाचा एक फायदाही घ्या. त्या काळी वाद्यं सरळ डावीकडे किंवा उजवीकडे ढकललेली असत. एका कानातला इअरफोन काढला की बऱ्याच गाण्यांत गिटार किंवा ढोल वेगळा होऊन समोर येतो. मोनो (दोन्ही कानांत एकच मिश्रण) आवृत्ती मिळाली तर तीही ऐका; रेडिओवर लोकांनी ही गाणी ऐकली ती मोनोमध्येच.

पहिली पायरी : चार गाणी, काहीही न वाचता

‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’, ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’, ‘प्लेझंट व्हॅली संडे’ आणि ‘डेड्रीम बिलीव्हर’. याच क्रमाने ऐका. प्रत्येक गाण्यानंतर वहीत एकच गोष्ट लिहा : हे चौघांनी मिळून वाजवलंय असं वाटतं की नाही?

लिहून झाल्यावरच पुढचं वाचा. पहिली दोन १९६६ची. त्यांत मंकीजचा फक्त गळा आहे, मुख्य स्वर मिकीचा. ‘क्लार्क्सव्हिल’मधली ती घरंगळत येणारी गिटार लुई शेल्टन या स्टुडिओ वादकाची. ‘बिलीव्हर’ नील डायमंडने लिहिलं, जेफ बॅरीने न्यूयॉर्कच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केलं, आणि ते सलग ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. नंतरची दोन १९६७ची. ‘प्लेझंट व्हॅली संडे’मधला सुरुवातीचा गिटारचा तुकडा नेस्मिथने वाजवलाय. ‘डेड्रीम बिलीव्हर’च्या सुरुवातीचा पियानो टॉर्कचा, तो वाजायला लागण्याआधी स्टुडिओतली दोन वाक्यांची बाचाबाचीही रेकॉर्डमध्ये तशीच ठेवलीय.

बहुतेकांचा अंदाज चुकतो, आणि चुकला तर बरंच आहे. केवळ कानाने ‘खरा’ आणि ‘नकली’ वेगळे करता येत नाहीत, ही या बँडबद्दल कळायची पहिली गोष्ट.

‘क्लार्क्सव्हिल’ पुन्हा एकदा ऐका, या वेळी शब्दांकडे लक्ष देऊन. चाल उड्या मारणारी, पण गाणारा माणूस गाडी पकडून कुठेतरी निघालाय आणि परत येईन की नाही याची त्याला खात्री नाही. गाण्याच्या दोन लेखकांपैकी बॉबी हार्टने पुढे सांगितलं की हा सैन्यात निघालेला मुलगा आहे. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. शाळकरी पोरांच्या मालिकेत एवढं दडवून नेणाऱ्या बॉइस आणि हार्ट या जोडीला दाद द्यावी तेवढी थोडी.

दुसरी पायरी : मालिकेचे मोजके भाग

एकूण ५८ भाग आहेत, दोन हंगामांचे. सगळे बघायची गरज नाही. गोष्टी तशा एकसुरी आहेत, दर वेळी कुणीतरी खलनायक, कुणीतरी मुलगी, शेवटी पळापळ. पाहायची ती हाताळणी. जंप कट (दृश्यात मध्येच मारलेली उडी), भलत्या ठिकाणी पडद्यावर येणारी अक्षरं, मध्येच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोलणं, गाणं सुरू झालं की कथा सोडून देऊन नुसता धुडगूस. त्या काळच्या अमेरिकन कौटुंबिक मालिकांत हे चालत नव्हतं. १९६७मध्ये उत्कृष्ट विनोदी मालिकेचा आणि विनोदी मालिकेच्या दिग्दर्शनाचा, असे दोन एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) यांना मिळाले. दुसऱ्या हंगामात पुढे पुढे मागचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला हशाही काढून टाकला.

माझी निवड चार भागांची. ‘रॉयल फ्लश’ हा पहिला प्रक्षेपित भाग, दिग्दर्शक जेम्स फ्रॉली. एमी याच भागासाठी. मग पहिल्या हंगामाचा शेवटचा ‘द मंकीज ऑन टूर’ : गोष्ट नाही, फीनिक्समधल्या खऱ्या कार्यक्रमाचं चित्रण. चौघे व्यासपीठावर स्वतः वाजवतात. रेकॉर्डवर वाजवू न दिलेला बँड डिसेंबर १९६६पासून हजारो लोकांसमोर जिवंत वाजवत होता, हे लक्षात घेतलं की आरोपाचा निम्मा दम जातो. थोडं कच्चं वाजतं, पण तिथल्या किंकाळ्यांत बीटल्सचंही कुणाला धड ऐकू जात नव्हतं.

तिसरा भाग डिसेंबर १९६७चा नाताळचा. त्यात शेवटाकडे चौघे ‘रिऊ चिऊ’ हे सोळाव्या शतकातलं स्पॅनिश गीत कुठल्याही वाद्याविना गातात. ज्यांना यांच्या गळ्याबद्दल शंका असेल त्यांना एवढं दाखवा. आणि शेवटचा ५८वा भाग, मिकीने स्वतः दिग्दर्शित केलेला, ज्याच्या शेवटी टिम बकली हा लोकगायक एकटा गिटार घेऊन गातो. मुलांच्या मालिकेने निरोप घ्यायचा हा प्रकार अजूनही चकित करतो.

तिसरी पायरी : श्रेयनामावली वाचा

आता पहिले दोन अल्बम : ऑक्टोबर १९६६चा ‘द मंकीज’ आणि जानेवारी १९६७चा ‘मोअर ऑफ द मंकीज’. ऐकताना प्रत्येक गाण्याच्या तपशिलात जा. वहीत तीन रकाने पाडा : गीतकार-संगीतकार, निर्माता, गायक. थोड्याच वेळात चित्र उभं राहतं. संगीताचा कारभार डॉन कर्शनर नावाच्या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे होता, आणि त्याच्या पदरी कॅरोल किंग-गेरी गॉफिन, नील डायमंड, नील सेडाका असे लोक होते. म्हणजे कामगिरी अव्वल दर्जाची. ‘कारखाना’ म्हणून नाक मुरडण्याआधी हे आठवावं.

पण त्या रकान्यांत एक नाव मधूनच डोकं वर काढतं. पहिल्या अल्बमवरची ‘पापा जीन्स ब्लूज’ आणि ‘स्वीट यंग थिंग’ ही गाणी नेस्मिथने निर्माता म्हणून केलीत. पहिलं तर त्याचंच. इतर गाण्यांच्या शेजारी ते लावून पाहा, अचानक टेक्सासची धूळ अंगावर येते. कंट्री आणि रॉक यांची ही सोयरीक पुढे काही वर्षांनी फॅशन झाली. याच काळातलं त्याचं ‘डिफरंट ड्रम’ मंकीजच्या वाट्याला आलंच नाही. १९६७मध्ये स्टोन पोनीजबरोबर लिंडा रॉनस्टॅटने ते गाजवलं.

दुसऱ्या अल्बमची कथा तर विचित्रच. तो निघाल्याचं बँडला माहीतच नव्हतं. दौऱ्यावर असताना क्लीव्हलँडमध्ये त्यांनी तो विकत घेतला. मुखपृष्ठावर कपड्यांच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो, मागे कर्शनरने आपल्या गीतकारांचं केलेलं कौतुक. तो अल्बम १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. विकला जात होता म्हणून वाद नव्हता असं नाही. विकला जात होता म्हणूनच कर्शनर कुणाचं ऐकत नव्हता.

चौथी पायरी : एका सिंगलच्या दोन बाजू

सगळ्या मार्गातली ही जागा माझ्या सर्वांत आवडीची. मार्च १९६७चं सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) घ्या. एका बाजूला ‘अ लिटल बिट मी, अ लिटल बिट यू’ : पुन्हा नील डायमंड, पुन्हा न्यूयॉर्कचे वादक, चौघांपैकी फक्त डेव्हीचा आवाज. दुसऱ्या बाजूला ‘द गर्ल आय न्यू समव्हेअर’ : नेस्मिथचं गाणं, गळा मिकीचा, वाजवणारा बँड, आणि मध्ये टॉर्कचा हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडावरचा छोटा, नेटका तुकडा.

या दोन बाजूंच्या मध्ये मोठी भांडाभांडी आहे. जानेवारीत बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात बैठक झाली, आम्हालाच वाजवू द्या म्हणून नेस्मिथ अडून बसला, कराराची आठवण करून दिल्यावर त्याने भिंतीवर ठोसा मारून भोक पाडलं. ठरलं असं की मागची बाजू बँडची. कर्शनरने ते डावलून दोन्ही बाजू आपल्याच पसंतीच्या असलेलं सिंगल पुढे रेटलं आणि फेब्रुवारीत त्याची गच्छंती झाली. बाजारात आलेल्या रेकॉर्डवर म्हणूनच दोन वेगवेगळे कारभार पाठीला पाठ लावून उभे आहेत. दोन्ही बाजू एकाच आवाजपातळीवर लागोपाठ ऐका. पहिली जास्त गुळगुळीत आहे, नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीत ढोल किंचित अडखळतो, पण गाणं कुणाच्या तरी मालकीचं वाटतं.

कर्शनरनेही धडा घेतला. पुढचा बँड त्याने असा निवडला की जो कधी उलट बोलणार नाही : ‘द आर्चीज’, म्हणजे कार्टून. १९६९चं ‘शुगर, शुगर’ हे त्यांचं.

पाचवी पायरी : ‘हेडक्वार्टर्स’ सलग

२२ मे १९६७चा हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. टर्टल्स या बँडमधून आलेला चिप डग्लस निर्माता. बास बऱ्याच ठिकाणी त्याने सांभाळला, ‘शेड्स ऑफ ग्रे’साठी चेलो आणि फ्रेंच हॉर्न वाजवणारे बाहेरून आले. बाकी जवळपास सगळं वादन या चौघांचं. मिकी मालिकेसाठी ढोल वाजवायला शिकला होता, आणि ते ऐकू येतं.

‘यू टोल्ड मी’मध्ये टॉर्कचा बँजो शोधा. ‘यू जस्ट मे बी द वन’मध्ये नेस्मिथची चाल कशी एक मात्रा चुकवून वळते ते मोजून पाहा. ‘रँडी स्काउस गिट’ मिकीचं; इंग्लंडच्या दौऱ्यातली आठवण आणि मध्येच धाडधाड टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे). इंग्लंडमध्ये ते नाव असभ्य ठरलं, मग तिथे रेकॉर्ड ‘ऑल्टरनेट टायटल’ या नावाने निघाली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

अमेरिकेत हा अल्बम एक आठवडा पहिला होता. मग बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला, आणि हा त्याच्या मागे दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसला. चांगल्या कामाच्या वाट्याला याहून वाईट मुहूर्त येणं कठीण.

सहावी पायरी : ‘पायसीज, अ‍ॅक्वेरियस, कॅप्रिकॉर्न अँड जोन्स लि.’

नोव्हेंबर १९६७. एकाच अल्बमपासून सुरुवात करायची असेल तर हाच. हट्ट संपलाय : जिथे बाहेरचा वादक बरा तिथे तो बोलावलाय, ढोलावर बहुतेक ठिकाणी एडी हो नावाचा स्टुडिओ वादक आहे, पण निवड बँडची. ‘डेली नाइटली’ आणि ‘स्टार कलेक्टर’मध्ये मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य ऐका, रॉकच्या रेकॉर्डवर हे वाद्य अगदी सुरुवातीला वाजलं त्यांतला हा एक अल्बम. ‘कडली टॉय’ लिहिणारा हॅरी निल्सन तेव्हा बँकेत नोकरी करत होता. पहिले चारही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले, तेही साधारण वर्षभरात.

सातवी पायरी : ‘हेड’ पाहा, मग ऐका

हा चित्रपट शेवटी ठेवला तरच कळतो. मालिका मार्च १९६८मध्ये संपली आणि नोव्हेंबरमध्ये ‘हेड’ आला. दिग्दर्शक राफेलसन, सहलेखक जॅक निकल्सन. सुरुवातीलाच मिकी पुलावरून उडी टाकतो. मग चौघे आपणच बनवलेला माल आहोत, असं एका टवाळखोर गाण्यात कबूल करतात. जुने चाहते बावरले, नव्या प्रेक्षकांनी मंकीजचा सिनेमा म्हणून तिकडे फिरकायचं टाळलं, आणि चित्रपट आपटला. ‘पॉरपॉइस साँग’ मात्र गॉफिन-किंगच्या उत्तम गाण्यांपैकी आहे.

‘सर्कल स्काय’ची तुलना चुकवू नका. चित्रपटात हे गाणं सॉल्ट लेक सिटीतल्या खऱ्या कार्यक्रमातलं आहे, चौघे जीव तोडून वाजवतात, मध्ये मध्ये व्हिएतनाममधल्या गोळीबाराची दृश्यं. ध्वनिमुद्रिकेवर मात्र स्टुडिओत इतर वादकांना घेऊन केलेलं दुसरंच ‘सर्कल स्काय’ आहे. टॉर्क यावर चिडला होता, आणि ऐकल्यावर त्याचं चिडणं पटतं. कर्शनर जाऊन दीड वर्ष झालं होतं. या वेळी बँडला बाजूला सारणारा बाहेरचा कुणी नव्हता. १९६८ संपता संपता टॉर्कने बँड सोडला.

आठवी पायरी : वारसा कुठे शोधायचा

रेकॉर्डवर थोडा, बाकी इतरत्र. मंकीजच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या त्याच निर्मात्यांनी १९६९मध्ये ‘ईझी रायडर’ काढला आणि अमेरिकन सिनेमाचं वळण बदललं. नेस्मिथ गाण्यांच्या चित्रफितींमागे लागला. त्याचा ‘पॉपक्लिप्स’ हा एमटीव्हीच्या आधीचा प्रयोग. फेब्रुवारी १९८६मध्ये एमटीव्हीने जुन्या भागांची सलग माळ लावली आणि वीस वर्षांनी मंकीजच्या दौऱ्याला पुन्हा गर्दी झाली. मंकीजचं ‘स्टेपिन स्टोन’ सेक्स पिस्टल्स या पंक बँडने वाजवलं, ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’ २००१च्या ‘श्रेक’मधून पुन्हा घराघरांत गेलं.

उशिराच्या अल्बमपैकी दोन शेजारी ठेवून ऐका. १९९६चा ‘जस्टस’ : चौघांनी लिहिलेला, चौघांनीच वाजवलेला, पूर्ण स्वतःचा, आणि बऱ्यापैकी कंटाळवाणा. २०१६चा ‘गुड टाइम्स!’ : अ‍ॅडम श्लेसिंजर या निर्मात्याने जमवलेला, बरीच गाणी तरुण गीतकारांकडून मागवलेली, म्हणजे पुन्हा जुनाच कारभार. त्यातलं बेन गिबर्डचं ‘मी अँड मॅग्डालिना’, नेस्मिथ आणि मिकीच्या थकलेल्या आवाजांत, त्यांच्या सर्वोत्तम गाण्यांत बसतं. ‘स्वतः केलं तेच खरं’ असं मानणाऱ्यांनी या दोन अल्बमांचा हिशेब एकदा लावून पाहावा.

दंतकथा चाळून घ्या

या बँडवर लिहिणार किंवा बोलणार असाल तर तीन गोष्टी डोळे झाकून पुढे सांगू नका. एक, पुढे खुनांसाठी कुप्रसिद्ध झालेला चार्ल्स मॅन्सन निवडचाचणीला आला होता : १९६५मध्ये तो तुरुंगात होता. दोन, १९६७मध्ये मंकीजच्या रेकॉर्ड बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या दोघांच्या मिळून विक्रीपेक्षा जास्त खपल्या : ही थाप नेस्मिथनेच १९७७मध्ये एका मुलाखतीत मारली आणि ती थापच होती हे आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं, तरी ती अजून छापली जाते. तीन, प्रख्यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंकीजच्या कार्यक्रमाआधी वाजवत असे : हे चक्क खरं आहे. जुलै १९६७मधले काही प्रयोग. समोरच्या पोरी डेव्हीच्या नावाने ओरडत राहायच्या, लवकरच हेंड्रिक्सने रजा घेतली.

श्रवणसत्र घ्यायचं असेल तर

मित्रमंडळींत दीड तासाचं सत्र सहज होतं. पहिल्या पायरीतली चार गाणी आणि अंदाजाचा खेळ, वीस मिनिटं. नाताळच्या भागातलं ‘रिऊ चिऊ’ पडद्यावर. मग मार्च १९६७च्या सिंगलच्या दोन बाजू, आणि इथे लोकांना भांडू द्या. कथा नंतर सांगा, आधी मतं येऊ देत. ‘हेडक्वार्टर्स’मधली दोन, ‘पायसीज’मधली दोन, ‘सर्कल स्काय’च्या दोन्ही आवृत्त्या, शेवटी ‘मॅग्डालिना’. माहितीची भाषणं गाण्यांपेक्षा लांबली तर लोक चहाकडे वळतात.

पुढच्या वेळी हाच क्रम आपल्याकडच्या ‘व्हिवा’ला लावता येईल. २००२मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’ या कार्यक्रमातून निवडलेल्या पाच मुली. त्या कार्यक्रमाचा मूळ साचा १९९९चा न्यूझीलंडचा. फरक मोठा आहे : मंकीजची निवड बंद दाराआड झाली, व्हिवाची निवड हाच कार्यक्रम होता, त्यामुळे ‘बनवलेला बँड’ या आरोपात दडवलेलं काही नव्हतंच. ‘हम नये गीत सुनाये’पासून सुरुवात करा, तेच तीन रकाने पाडा, मग नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा यांची नंतरची गाणी शेजारी ठेवा. कोणाच्या रकान्यात कोणाचं नाव कधी शिरतं ते बघत जा.